रोज आखाजी

सावद्याहून फैजपूरकडे जाताना डाव्या हाताला
फिरके ट्रेडर्सच्या केळी पिकवायच्या पाच कोठ्या,
मागे पत्र्याच्या खोलीत मी आणि एक एजंट.
मी पगारी, तो बिनपगारी.
त्याला हात नाहीत, हात मी लिहून देते :
हत्याराचं नाव,
आणि नावाखाली ते कशासाठी, याच्या दोन ओळी.

एका हत्याराचं नाव मी ठेवलं : काढ.
खाली लिहिलं : माल काढण्यासाठी.
रात्रीचे साडेअकरा झाले होते. वाटलं, पुरे.
काढ म्हटलं की कुणाला कळत नाही?

शेटजी पहाटे त्याला म्हणाले, आजचा भाव काढ.
त्याने हत्यारं चाळली, एकाचंच नाव जुळलं.
तीन नंबरची थंडी बंद केली, शटर वर केलं,
ट्रकवाल्याला उठवलं.
अठरा टन हिरवागार माल दोन दिवस आधी दारात,
आणि शेटजींच्या मोबाइलवर एकच शब्द :
काढलं.

पाणी काढतात, गाडी काढतात, फोटो काढतात,
कुणाची खोड काढतात, उरलेले दिवस काढतात.
एवढं सगळं मी एका शब्दात कोंबलं होतं
आणि त्याच शब्दाला कुलपाची किल्ली बांधली होती.

लुकमान तडवी कोठ्यांवर एकवीस वर्षं आहेत,
दाराला तळहात लावून आतले अंश सांगतात.
“त्याले काय सांगेल व्हतं तुमी?”
मी वाचून दाखवलं. वाचायला दोनच शब्द.
“आखाजीले नवा सालदार लागते,
त्याले पह्यल्या दिवशी काय दाखवतो आपन?
हीर कुठं, बैल कोनता मारतो,
कोन्या बांधाच्या पल्याड जायाचं नई.
का नुस्तं ‘बैल’ म्हनून सोडून देतो?”

हा तर सालदाराहून नवा.
काल काय घडलं ते आज याच्याकडे नसतं.
याची रोज आखाजी.

दुपारी ते उपड्या क्रेटवर बसले, मी लिहीत गेले.
कोठी उघड : साल पिवळी, देठ अजून हिरवं, तेव्हाच.
भाव विचारला तर हे हत्यार नाही.
यादी मागितली तरी हे हत्यार नाही.
कोठीचा नंबर सांगितला नसेल तर अंदाज करू नकोस, विचार.
एकदा उघडलेली कोठी न उघडल्यासारखी होत नाही.

पुढे मी लिहिलं, ‘योग्य तापमान’.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “योग्य म्हंजे किती?”
सोळा ते अठरा.
“मंग तसं लिवा ना. तेराच्या खाली साल काळी पडते, हेबी लिवा.
कारन सांगितलं की मानूस चुकत नई.”
माणूस नाही तो, मी म्हटलं.
“म्हनून तं जास्त सांगा.”

वापसी म्हणजे परत आलेला माल नव्हे, हलक्या प्रतीचा.
हे मलाही कुणी बसवून सांगितलं नव्हतं,
बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून कानावर पडत गेलं.
त्याला मोटरसायकल नाही.
लिहिलं.

शेवटी एक ओळ, जरा भीतभीतच :
शंका आली तर लुकमान तडवींना फोन लाव.

तिसऱ्या रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने लावला.
कांदेबागेचा माल म्हणजे कांदे की केळी?

सकाळी ते आले, डोळे लाल.
मला वाटलं, म्हणतील, माझा नंबर खोडा.
चहा बशीत ओतला, फुंकर मारत राहिले.
“कांद्याच्या दिवसांत लावेल केळी, म्या सांगितलं त्याले.
मंग त्यानं इचारलं, मृगबाग म्हंजे?
मंग नवती. मंग पिलबाग.
अर्धा घंटा झाला.”
बशी रिकामी केली, पुसली.
“घरचे पोरं कव्हा इचारत नई.

ते सारं लिवून टाका. नंबर राहू द्या.
तीनले नको म्हना फक्त, चारले लाव.
चारले मी उठेलच असतो.”